बदलाला जागा ठेवणारी घरे

घर बांधून झाले, वास्तुशांत उरकली, पाहुणे परतले की घरमालक हुश्श करतो. घराचे खरे काम तिथून सुरू होते. पहिल्याच पावसात खिडकीतून पाणी आत येते आणि वर पत्रा ठोकावा लागतो. मुलगी दहावीत गेली की हॉलच्या कोपऱ्यात तिच्या अभ्यासासाठी पार्टिशन उभे राहते. आजोबांना जिना चढवेनासा झाला की खालच्या खोलीला संडास-बाथरूम जोडायचे निघते. थोरल्याचे लग्न ठरले की वर एक खोली चढते. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की त्याच घराला दुसरे दार फुटते. रस्ता वाहता झाला की पुढच्या खोलीला शटर लागते आणि तिथे किराणा, झेरॉक्स किंवा शिलाईचे मशीन येते. वीस-पंचवीस वर्षे नांदते असलेले कुठलेही घर पाहा, ते मूळ नकाशाबरहुकूम राहिलेले सापडणे कठीण. तरीही नकाशा काढताना यातले काहीच घडणार नाही असे धरून आपण चालतो. हे पुस्तक लिहावेसे वाटले ते या एका गोष्टीमुळे.

यात भव्य इमारती नाहीत. देवळे, विधानभवने, संग्रहालये यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे आहेत ती राहती घरे, चाळी, दुकानांचे गाळे, गावातल्या शाळेच्या खोल्या, तळमजल्यावरचे दवाखाने. या इमारतींमध्ये आपले सगळे आयुष्य जाते. त्या बदलतात, आणि बहुतेक वेळा वाईट रीतीने, जास्त पैसा घालवून, कधी कधी धोकादायक होऊन बदलतात. माझे म्हणणे असे की हा दोष राहणाऱ्यांचा नाही. काय कायम राहणार आणि काय हलणार, हे पहिल्या नकाशातच ठरवून ठेवणे हे आखणाऱ्याचे काम आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी केलेलेच नसते.

इमारतीचे सगळे भाग एकाच वेगाने जुने होत नाहीत. ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांनी कार्यालयांच्या इमारतींच्या संदर्भात हा विचार मांडला. अमेरिकन लेखक स्ट्युअर्ट ब्रँड यांनी १९९४ साली ‘हाउ बिल्डिंग्ज लर्न’ या पुस्तकात तो वाढवून सहा थर सांगितले: जमीन, सांगाडा, बाहेरचे आवरण, नळ-वायरी-सांडपाणी, आतल्या खोल्यांची मांडणी आणि सामानसुमान. जमीन जागची हलत नाही. सांगाडा ३० पासून ३०० वर्षांपर्यंत टिकतो. बाहेरचे आवरण साधारण २० वर्षांनी बदलावे लागते, नळ आणि वायरी ७ ते १५ वर्षांनी, आणि सामान तर रोजच इकडचे तिकडे होते. लवकर बदलणारी गोष्ट उशिरा बदलणाऱ्या गोष्टीत चिणून टाकली की पुढे त्रास होतो. बाथरूमच्या भिंतीत गाडलेला पाइप गळू लागला की चांगली टाइल फोडावी लागते, आणि त्या रंगाची टाइल बाजारातून केव्हाच गेलेली असते. खालच्या मजल्याच्या छताला ओल धरते, दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद होते. एक उभी डक्ट ठेवून तिला माणूस आत जाईल एवढे दार दिले असते, तर प्लंबरने तासाभरात काम उरकले असते.

महायुद्धानंतरच्या हॉलंडमध्ये एकसारख्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहत होत्या. तेव्हा जॉन हॅब्राकेन या वास्तुरचनाकाराने १९६१ साली एक पुस्तक लिहून असे सुचवले की समाजाने फक्त टिकाऊ आधार बांधावा आणि आतले घर ज्याचे त्याने रचावे. त्या विचाराला पुढे अनेक देशांत अनुयायी मिळाले. जपानमध्ये ओसाका येथे १९९३ साली बांधलेली ‘नेक्स्ट २१’ ही १८ घरांची प्रायोगिक इमारत त्याच वाटेवरची. या परदेशी प्रयोगांवर पुस्तकात एक प्रकरण आहे, पण माझा जीव रमला तो आपल्याकडच्या बांधकामात.

वाड्याची मोजणी खणात व्हायची. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचा. घर दोनखणी, पाचखणी, सातखणी असायचे. दगडी जोत्यावर तळखडा, त्यावर सागवानी खांब, वर तुळई आणि तिच्यावर कडीपाट. वरचे वजन या लाकडी सांगाड्यावर. मधल्या भिंती विटांच्या, कुडाच्या नाहीतर नुसत्या फळ्यांच्या. त्यामुळे दोन खणांची खोली तीन खणांची करायची तर मधला पडदा सरकवायचा, खांबाला हात लावायचा नाही. पुण्यातल्या एका वाड्यात माजघराचा खांब मी जवळून पाहिला. त्याच्या एका अंगाला जोत्यापासून वरपर्यंत उभी खाच होती. तिथे कधीकाळी फळ्यांची भिंत बसत असणार. ती खाच पुढे लाकडाची चीप ठोकून बुजवलेली. छातीच्या उंचीवर कपाटाच्या चौकटीची चार भोके, आणि त्यांच्यावरून भाडेकरूच्या मीटरची केसिंग पट्टी सरळ वर गेलेली. तीन-चार वेगवेगळ्या संसारांची कामे एका खांबाने निभावली होती आणि तो ओळंब्यात उभा होता.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावासाठी १८०७ मध्ये बांधून झाला. पेशवाई १८१८ मध्ये संपली. १८२१ मध्ये त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली. डेक्कन कॉलेजचे मूळ त्या पाठशाळेत आहे. पुढे तिथे हायस्कूल भरले, नगरपालिकेची कार्यालये आली, टपालघर आले. पेशव्याच्या निवासात इतके निरनिराळे व्यवहार कसे मावले, याचे उत्तर चौकात आहे. प्रत्येक दालनाला चौकातून उजेड आणि वारा मिळतो आणि सोप्यातून स्वतंत्र वाट मिळते. अशा दालनात विद्यार्थी बसवा, कारकून बसवा किंवा पत्रे लावणारा पोस्टमन बसवा, अडचण येत नाही. एकमेकांच्या पोटात घुसलेल्या खोल्यांच्या घरात हे जमले नसते.

वाड्याचे गुणगान मात्र इथेच थांबवतो. ती लवचीकता घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात होती. विधवा आत्याला अंधारी खोली मिळायची ती मिळायचीच. कोणी कुठपर्यंत यायचे हे ओसरी, सोपा, माजघर यांच्या पायऱ्यांनी पक्के केलेले होते, आणि ती भिंत कुठल्याही सुताराला सरकवता येत नव्हती. बदल कोण करू शकतो, हा प्रश्न बदल कसा करायचा याच्याइतकाच मोठा आहे.

मुंबईच्या चाळीत हा प्रश्न उलट बाजूने सुटला. तिथे भिंती हलवण्याची सोय नव्हतीच, म्हणून माणसांनी वेळ वाटून घेतली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एका कोपऱ्यात मोरी, संडास बाहेर सामाईक. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे एकाची झोप संपली की त्याच जागेवर दुसऱ्याची वळकटी उघडायची. उंची असेल तिथे पोटमाळा निघाला, आणि त्या पोटमाळ्यावर अख्ख्या पिढ्यांनी अभ्यास केला. खोलीबाहेरची वाट रात्री अंथरुणाची, सकाळी दात घासण्याची, दुपारी पापड वाळवण्याची जागा झाली. यातून आजच्या आखणाऱ्याने घ्यायची गोष्ट उंचीची आहे. दहा-अकरा फुटांच्या खोलीत पुढे काहीतरी करता येते. आज नियमात बसणारी किमान २.७५ मीटर उंची ठेवून स्लॅब टाकला की ती शक्यता कायमची संपते. चौरस फुटांचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो, उंचीकडे मात्र घर घेताना कोणी बघत नाही.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग किल्लारी आणि आसपासच्या गावांवर आहे, आणि तो मुद्दाम तसा ठेवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि सुमारे ८,००० माणसे गेली. तिथली जुनी घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर लाकडी पाटणावर मातीचे जाड माळवद. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पडायची, वर्षानुवर्षे छत जड होत जायचे. भिंती बाहेर फुटल्या आणि माणसे गाडली गेली. याच गावांत काही ठिकाणी दगड सगळे ढासळले होते आणि आतला खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा होता. मातीचे ओझे दरसाल वाढवत नेणे हाही घरात केलेला बदलच होता. एकेका वर्षाची भर थोडी होती, म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी हलवली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. सरकारी यंत्रणा आणि देणगीदार संस्थांनी ती भराभर बांधली, आणि ज्या परिस्थितीत बांधली त्याचे मोल मला कमी करायचे नाही. पण नकाशे शहराच्या सवयीचे होते. सरळ रुंद रस्ते, ओळीत घरे, आत खोली-स्वयंपाकघर. शेतकऱ्याचे घर म्हणजे निम्मे कोठार, निम्मा गोठा. कडबा कुठे रचायचा, बैल कुठे बांधायचे, ज्वारीची पोती कुठे ठेवायची, चुलीचा धूर कुठून काढायचा, याची उत्तरे त्या नकाशांत फारशी नव्हती. ती लोकांनी शोधली. पुढे पत्र्याची पडवी आली, बाजूला चूल मांडली गेली, भोवती कुंपणाची भिंत चढली, मागे गोठा झाला. काही वर्षांत त्या ओळी मोडून त्यांची गावे झाली.

इथेच एक गंभीर गोष्ट आहे. भूकंपात टिकायचे असेल तर भिंतींना बांधून धरणारे काँक्रीटचे आडवे पट्टे लागतात: जोत्याशी, दार-खिडक्यांच्या वर, छताखाली. हे पट्टे पेटीला मारलेल्या लोखंडी पट्टीसारखे चारी भिंती एकत्र आवळून ठेवतात. मूळ घरात ते होते. नंतर वाढवलेल्या खोलीत ते असतीलच असे नाही, कारण तोवर इंजिनिअर गाव सोडून गेलेला असतो आणि काम गावचा गवंडी करतो. त्याच्यापुढे मूळ घराची गुळगुळीत, बंद भिंत असते. तिला नवी भिंत नुसती टेकते. पहिल्याच वेळी कोपऱ्यातून पट्ट्याच्या सळया हातभर बाहेर काढून, सिमेंटच्या पातळ लेपात झाकून ठेवल्या असत्या, तर पुढच्या गवंड्याला पट्टा कुठून जोडायचा हे कोणी न सांगता कळले असते. घर वाढणार हे मान्य केले तरच अशी सळई काढून ठेवावी असे सुचते. आखणाऱ्याने वाढीकडे दुर्लक्ष केले म्हणून वाढ थांबत नाही, ती फक्त बिनपट्ट्याची होते.

वाढ होणारच, असे धरून आखलेली एक वसाहत आपल्या अगदी जवळ आहे. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज बांधले. सात-सात घरे एका छोट्या, साधारण आठ मीटर चौरस चौकाभोवती. असे तीन गट मिळून मोठा चौक. आणि तसाच पुढचा पसारा. प्लॉटचे आकार लहान आणि एकमेकांशी फार फरक नसलेले, म्हणजे ऐपत वाढली तरी शेजाऱ्याला झाकोळून टाकता येऊ नये. सर्वांत महत्त्वाचे, दोन घरांना सामाईक भिंत नाही. प्रत्येक घर आपल्या तुकड्यावर सुटे उभे. एकाने भिंत पाडली तर दुसऱ्याला तडा जात नाही, परवानगी मागावी लागत नाही, भांडण होत नाही. घरे साधी, उतरत्या कौलांची, नेहमीच्या गवंड्याला कळतील अशी.

आज तिथे गेलात तर कोरियांची मूळ घरे शोधावी लागतात. कित्येक पाडून त्यांच्या जागी आरसीसीचे मजले चढले, काचा आल्या, गॅलऱ्या आल्या. माझ्या व्यवसायातले अनेकजण हे पाहून हळहळतात. मला तसे वाटत नाही. घरे बदलली पण चौक राहिले, तिथे मुले खेळतात, सणवार होतात. जे कायम राहायला हवे होते ते कायम राहिले, जे बदलायला दिले होते ते बदलले. कौलारू छपरे गेल्याचे दुःख छायाचित्रकाराला व्हावे. आखणीचा हेतू पुरा झाला आहे.

जन्माने पुण्याचे असलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत याहून पुढचे पाऊल टाकले. साडेसहा हजारांच्या आसपास घरांच्या त्या आखणीत सर्वांत गरीब कुटुंबाला तयार घर दिलेच नाही. प्लॉट, जोते, नळ आणि संडास एवढे दिले. बाकीचे ज्याने त्याने जमेल तसे बांधायचे. कसे बांधता येईल हे दाखवण्यासाठी ८० नमुना घरे उभी केली. १९९५ मध्ये या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला. दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या इकिके शहरात अलेहांद्रो अराव्हेना यांनी २००४ च्या सुमारास सुमारे शंभर कुटुंबांसाठी हाच विचार वेगळ्या रूपात आणला: सरकारी मदतीत अर्धे घर होते ना, मग कुटुंबाला एकट्याने करायला जड जाईल ते अर्धे, म्हणजे सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आपण करायचे, उरलेले अर्धे त्यांनी भरायचे. अशा कामांवर एक टीका नेहमी होते, की गरिबाला अर्धवट घर देऊन सरकार हात झटकते. ही टीका मला पटते, आणि पुस्तकात ती सविस्तर घेतली आहे. नळ, गटार, जोते आणि जमिनीचा हक्क यांत काटकसर झाली की ‘वाढते घर’ ही निव्वळ फसवणूक ठरते.

शहरांत आपण आता नेमके उलट्या दिशेने चाललो आहोत. अॅल्युमिनियमचे साचे लावून, साइटवर ज्याला ‘मायवान’ म्हणतात त्या पद्धतीने, भिंती आणि स्लॅब एकत्र काँक्रीटचे ओतले जातात. काम वेगाने होते, भिंती सरळ येतात, प्लास्टर वाचते. बिल्डरच्या दृष्टीने यात सगळे फायदे आहेत. पण त्या घरात दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे इमारतीचा भार वाहणारी भिंत असते. मुले परगावी गेल्यावर दोन खोल्यांची एक करायची, म्हातारपणी व्हीलचेअर आत जावी म्हणून बाथरूमचे दार रुंद करायचे, हे तिथे कायमचे बंद. वायरीचे पाइपसुद्धा काँक्रीटच्या पोटात. २५ वर्षांचे जोडपे घर घेते आणि तिथेच सत्तरीला पोहोचते. तोवर त्या दोघांचे गुडघे बदललेले असतात, घर जसेच्या तसे. अशा पद्धतीतही आखणारा मनात आणील तर सोय करू शकतो. भार वाहणाऱ्या भिंती घराच्या कडेला आणि ओल्या भागाभोवती ठेवून मधल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या ठेवता येतात. बाथरूमची दारे पहिल्यापासून तीन फुटी करायला जादा खर्च जवळजवळ नाही.

कायद्याचे प्रकरण लिहिताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. आपली बांधकाम नियमावली इमारतीकडे भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी जशी होती तशी पाहते. त्यानंतरचा प्रत्येक बदल एकतर चटईक्षेत्राची चोरी, नाहीतर अनधिकृत बांधकाम. चोऱ्या होतात हे खरे आहे. मुंबईत बाल्कन्या आणि फ्लॉवर बेडची जागा चटईक्षेत्रात धरली जात नव्हती, तेव्हा ती खोलीत ओढून घेण्याचा धंदाच झाला होता, आणि २०१२ मध्ये ही क्षेत्रे मोजणीत आणावी लागली. पण बिल्डरने घर विकतानाच केलेली हातचलाखी आणि एखाद्या बाईने सुनेच्या बाळंतपणासाठी बंद केलेली पडवी एकाच तराजूत तोलल्या जातात, हे बरोबर नाही. पहिल्या मंजुरीतच पुढच्या दोन टप्प्यांचा नकाशा जोडून घ्यावा, टप्पा बांधताना फक्त कळवावे, एवढी तरतूद लहान घरांपुरती करता येण्यासारखी आहे. पंचायत आणि पालिकेत काम करणाऱ्या वाचकांनी ते प्रकरण आधी वाचावे अशी माझी विनंती आहे.

गावोगावी गच्चीवर उभ्या सळया दिसतात. शहरातल्या माणसाला त्या विद्रूप वाटतात. मला त्यांत घरमालकाचा हिशेब दिसतो: पैसे आले की वर मजला चढवायचा. खंत आहे ती एवढीच की त्या सळया उघड्यावर गंजतात. कुणी त्यांच्यावर प्लास्टिकची बाटली उलटी घालतो, बहुतेक जण तेही करत नाहीत, आणि दहा पावसाळ्यांनंतर गंज सुटलेल्या त्याच सळयांना नवी सळई बांधून वर कॉलम भरला जातो. सळयांभोवती दुबळ्या काँक्रीटचा ठोकळा ओतून ठेवला, जो पुढे छिन्नीने सहज फोडता येतो, तर हे टळते. खालचा पाया दोन मजल्यांचा धरला आहे की एकाचा, हेही आधी ठरलेले हवे. जिना घराबाहेरून घेतला तर वरचा मजला भाड्याने देता येतो, धाकट्या भावाला वेगळा काढून देता येतो, आणि खालच्या बाईला आपल्या स्वयंपाकघरातून येणारी-जाणारी माणसे सोसावी लागत नाहीत. पुस्तकाच्या उत्तरार्धात अशा गोष्टी आकृत्यांसह दिल्या आहेत. त्या गवंड्याला, सुताराला, वायरमनला दाखवता याव्यात म्हणून मापे फुटांत आणि मिलिमीटरमध्ये दोन्ही ठेवली आहेत.

ज्यांचे घर सध्या बांधून होत आले आहे, त्यांना पुढची सगळी पाने वाचायला सवड नसेल. त्यांनी एक काम आजच करावे. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, वायरी आणि पाइप कुठून गेले ते फोटोत आले पाहिजे. कॉलमच्या सळया किती आणि कितीच्या, पाया किती खोल, टाकीचे पाणी कुठून उतरते, हे कागदावर लिहून घ्यावे, आणि हा कागद हातात पडेपर्यंत ठेकेदाराचे शेवटचे बिल देऊ नये.